न हललेली माती

त्या माणसाचा चेहरा पाहण्याआधी वर्षभर मी त्याच्यावर चिडून होते.

माझं काम मातीचे नमुने काढण्याचं. कुठे इमारत व्हायची असते, कुठे रस्ता, कुठे बाग. तिथे सगळ्यांच्या आधी मी जाते. वीतभर उंचीचं पोलादी नळकांडं जमिनीवर उभं धरायचं, वर लाकडी ठोकळा ठेवायचा आणि हातोड्याने सरळ खाली ठोकत न्यायचं. मग भोवतालची माती उकरून ते अलगद बाहेर काढायचं, दोन्ही तोंडं सुरीने सपाट कापायची, झाकणं लावायची आणि कडा मेणाने बंद करायच्या. आतली माती जमिनीत जशी होती तशीच राहिली पाहिजे, कारण प्रयोगशाळेत तिच्यातली पोकळी मोजतात. शंभर भाग मातीत किती भाग नुसती मोकळी जागा आहे, जिच्यातून हवा आणि पाणी जातं, तो आकडा. नमुना वाटेत हादरला तर आकडा खोटा येतो आणि सगळी मेहनत अक्षरशः मातीत जाते.

नमुने प्रयोगशाळेच्या खिडकीत द्यायचे, पावती घ्यायची, घरी यायचं. आठवड्याने कागद यायचे आणि तीनातल्या एकावर लाल शाईने एकच शब्द असायचा – ‘हललेला’. म्हणजे नापास. पुन्हा त्याच जागी जा, पुन्हा खड्डा खण. खाली सही म्हणून नुसती एक आडवी रेघ. त्या रेघेला मी ‘नापास मास्तर’ म्हणायचे. साठीचा असेल, टक्कल पडलेलं असेल, पित्ताचा त्रास असेल… माझ्या डोळ्यांसमोर तो अगदी उभा होता.

एका दुपारी खिडकी बंद निघाली. वरून पावसाची भुरभुर चाललेली, माझ्या गाडीत घोंगडीत गुंडाळलेले चार नमुने. परत जायचा प्रश्नच नव्हता. मी इमारतीला वळसा घालून मागच्या दाराने सरळ आत शिरले.

आत ऊबदार होतं. मी चारही नमुने दाराजवळच्या टेबलावर एकेक करून ठेवले. ओव्हन घरघरत होता, त्यात मातीचे डबे वाळत होते. खिडकीजवळ पांढरा कोट घातलेला एक तरुण माणूस एक काचेची इवलीशी बाटली डोळ्यांसमोर धरून तिला बोटाने टिचक्या मारत होता आणि आतून वर येणारे बुडबुडे इतकं लक्ष देऊन बघत होता, की मलाच आपण चुकीच्या वेळी आलो असं वाटलं.

“थांबा,” तो वर न बघताच म्हणाला.

मी थांबले. आणि थांबले म्हणून स्वतःवरच चिडले.

शेवटचा बुडबुडा फुटल्यावर त्याने बाटली खाली ठेवली. “तिसरा नमुना ठेवताना तुम्ही आपटलात. आवाज आला.”

“म्हणजे ते तुम्हीच.”

“कोण?”

“नापास मास्तर.”

त्याने जरा विचार केला. तोंड गंभीर होतं, पण डोळे हसले. “मला इथे याहून वाईट नावं आहेत,” तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं की माझ्या हाताखालचा नमुना कधी हलत नाही, आणि हलतो असं म्हणायचं असेल तर माझ्यासमोर उघडून दाखवा. मला वाटलं होतं तो नियम सांगेल. त्याने नियम सांगितला नाही. त्याने तिसऱ्या नमुन्याचं झाकण काढलं, नळकांडं खिडकीच्या उजेडात धरलं आणि मला जवळ बोलावलं. पोलाद आणि माती यांच्यामध्ये केसाएवढी फट होती. एका बाजूने सुरू होऊन अर्ध्यापर्यंत गेलेली.

मी ती फट बराच वेळ बघितली. उरलेल्या तीन नमुन्यांत तशी फट नव्हती, आणि ते त्याने तिथल्या तिथे पास केले. फट कशाने पडते हेही त्यानेच सांगितलं. घोंगडी वरून मऊ असली तरी खालचा धक्का तसाच वर देते. ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब घ्या, तिच्यात लाकडाचा भुसा भरा, त्यात नमुने उभे रोवा. मी म्हटलं, मला शिकवू नका. आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन ट्यूब आणली. त्या महिन्यात माझा एकच नमुना नापास झाला.

आता खिडकी उघडी असली तरी मी मागच्याच दाराने जायचे.

मग पंधरा दिवस पाऊस लागून राहिला. ओल्या चिखलात नळकांडं ठोकण्यात अर्थ नसतो, तेव्हा मला काम नव्हतं. तरी मी रोज प्रयोगशाळेत जात होते. शिकायला, असं मी घरी सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. नळकांड्यातली माती ओव्हनमध्ये चोवीस तास वाळवतात, मग तिचं वजन करतात. नंतर त्यातलीच थोडी कुटून बाटलीत घालतात, वर पाणी ओततात, म्हणजे निव्वळ कणांचं आकारमान कळतं. दोन्हींचा हिशेब घातला की मधली पोकळी किती ते निघतं. पण बाटलीतली हवा पूर्ण निघाली पाहिजे. एक बुडबुडा आत राहिला तरी गडबड.

एके दिवशी त्याने बाटली माझ्या हातात दिली. मी टिचक्या मारू लागले.

“इतकं जोरात नको,” तो म्हणाला, आणि माझं बोट धरून कसं मारायचं ते दाखवलं. मग बोट सोडायचं विसरला. “ती हवा बरीच वर्षं आत बसलेली असते. एकदम निघत नाही.”

“तुमच्यासारखीच.”

“म्हणजे?”

“तुम्हाला कुणी असं टिचक्या मारून बोलतं केलं नाही वाटतं कधी.”

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. तो बाटलीकडेच बघत राहिला. कान मात्र लाल झाले होते.

“आत्तापर्यंत… नाही,” तो म्हणाला.

घरी मी आणि माझी आत्या, दोघीच. आत्याने मला लहानाचं मोठं केलं, शाळेत शिवण शिकवून. ती मला ‘घूस’ म्हणते, कारण माझ्या नखांत कायम माती आणि मी सतत कुठेतरी उकरत असते. त्याच पावसात तिने तिच्या मैत्रिणीच्या पुतण्याचं स्थळ काढलं. माणूस चांगला होता, बँकेत होता, इस्त्रीच्या घडीसारखा सरळ होता. चहा पिता पिता त्याने विचारलं, की लग्नानंतर हे मातीचं काम सोडाल ना. मी विचारलं, तुम्ही बँक सोडाल ना. चहा तिथेच संपला.

आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मशीन चालवता चालवता म्हणाली, “उत्तर चांगलं होतं. पण एवढं लगेच द्यायला नको होतं.”

पाऊस उघडला आणि मला मोठं काम मिळालं. गावाच्या वरच्या अंगाला, उतारावर, एक मोठं मैदान होतं. वीस वर्षं तिथे ट्रक उभे राहत. आता ट्रक गेले होते आणि तिथे पावसाचं पाणी साठवून जमिनीत जिरवायचं तळं खोदायचं ठरलं होतं. उताराखाली बैठ्या घरांची एक गल्ली होती. दरवर्षी पाणी त्या घरांत शिरायचं. तळं झालं की शिरणार नाही, असं त्यांना सांगितलेलं होतं. नकाशे झाले होते, मंजुरी झाली होती, पुढच्या आठवड्यात यंत्रं येणार होती. फक्त फाइलमध्ये मातीचा एक शेवटचा अहवाल लागत होता.

आधीचा अहवाल मैदानाच्या कडेच्या झाडांखालच्या मातीचा होता. तिथे शंभरात अठ्ठेचाळीस भाग पोकळी. पाणी सुखाने जिरेल अशी. मला कडेला काम करायला सांगितलं होतं, पण तळं कडेला नव्हतं. ते मधोमध होणार होतं, म्हणून मी मधोमध नऊ नमुने काढले. नळकांडं आत जाईना. एकेकाला दुप्पट ठोके लागले, हातोड्याचे धक्के खांद्यापर्यंत आले.

चार दिवसांनी मी गेले तेव्हा तो कागदाकडे बघत बसला होता. तीस. एकतीस. एकतीस. एकोणतीस. वीस वर्षं ट्रकांनी दाबलेली माती. वरच्या तळ्यात पाणी भरलं असतं, जिरलं नसतं आणि काठावरून थेट त्या गल्लीत गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. साहेब ओरडणारे नव्हते. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, थर्मासमधलं कोमट पाणी दिलं आणि म्हणाले की रस्ते खराब आहेत, गाडी जुनी आहे, माती वाटेत हादरून खाली बसली असणार आणि म्हणून पोकळी कमी दिसते आहे. यात माझा काही दोष नाही. मी सांगितलं की नमुने हलले नाहीत. ते हसले आणि त्याच्याकडे वळले.

“तुम्ही ‘हललेला’ हा शब्द शंभरदा लिहिला असेल. आणखी नऊदा लिहा. तुम्ही लिहिलंत तर कुणी विचारायचं नाही.”

खरंच होतं. त्याने नापास केलेल्या नमुन्याबद्दल कुणी कधी शंका घेतली नव्हती. म्हणूनच तर त्यांना त्याची रेघ हवी होती.

तो कागदाकडे बघत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे.

“मला उद्यापर्यंत वेळ द्या,” तो म्हणाला.

मी उठले आणि बाहेर पडले. तो पायऱ्यांवर मागोमाग आला, काहीतरी सांगायला लागला. मी ऐकून घेतलं नाही. “लिहा की,” म्हटलं. “तुम्हाला सवय आहे.”

त्याचा चेहरा असा झाला की मला ते शब्द परत घ्यावेसे वाटले. पण घेतले नाहीत. गाडी काढली आणि घरी आले.

आत्याने मशीन थांबवून सगळं ऐकलं. मग विचारलं, “तो हो म्हणाला का?”

“नाही.”

“मग रडतेस कशाला?”

“मी रडत नाहीये.”

“बरं. मग डोळे पूस आणि जेवून घे.”

सकाळी नऊ वाजता दार वाजलं. तो उभा होता. पांढऱ्या कोटाशिवाय मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. शर्टाची एक बाही दुमडलेली, एक तशीच. हातात लाकडी खोकं, त्यात घासून लख्ख केलेली नऊ रिकामी नळकांडी.

त्याने सांगितलं की साहेबांच्या टेबलावर तो चिठ्ठी ठेवून आला आहे. नमुने हलले आहेत असं वाटत असेल तर पुन्हा काढू, आणि या वेळी तपासणारा स्वतः हजर राहील. साहेब दहाला येतात, म्हणून तो त्याआधीच निघाला होता.

“आणि पुन्हा एकतीसच आले तर?” मी विचारलं.

“तर एकतीस लिहीन.”

आत्या माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि त्याची न दुमडलेली बाही दुमडून दिली.

अकराच्या उन्हात आम्ही मैदानाच्या मधोमध होतो. हातोड्याचा आवाज ऐकून खालच्या गल्लीतली माणसं एकेक करून वर आली. एक निवृत्त पोस्टमन, दोन शिंपिणी, एक बेकरीवाला, कडेवर मूल घेतलेली एक बाई. तो त्यांना काय चाललंय ते सांगत होता. मला त्याच्या बोलण्याचं नवल वाटलं. प्रयोगशाळेत दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस, इथे पोकळी म्हणजे काय ते हाताची मूठ वळून आणि उघडून समजावत होता. प्रत्येक नळकांड्यावर त्याने कागदाची पट्टी चिकटवली आणि प्रत्येकीवर गल्लीतल्या एका माणसाची सही आणि पत्ता घेतला. शेवटच्या नळकांड्याला एका म्हातारीने सही येत नाही म्हणून गरम मेणातच अंगठा दाबला.

त्याला एकदा हातोडा मारून बघायचा होता. मी दिला. नळकांडं तिरकं गेलं.

“हललेला,” मी म्हटलं. “पुन्हा काढा.”

गल्ली हसली, आणि तो त्यांच्याहून जास्त हसला.

परतताना ट्यूब मागे रिकामीच राहिली. त्याने खोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून माझ्या शेजारी बसला. मी खड्डे चुकवत बैलगाडीच्या वेगाने चालले होते.

“हळू चालव,” तो म्हणाला. मग दचकला. “म्हणजे… चालवा.”

“पहिलं बरं होतं.”

बेकरी गेली, शाळा गेली. मग समोरच्या काचेकडे बघत तो म्हणाला की काल पायऱ्यांवर मी जे बोलले ते खरंच होतं. ‘हललेला’ लिहिणं सोपं असतं. त्याला कधी कुणाला उत्तर द्यावं लागलं नाही. एक माणूस सोडून.

“तुझ्या नमुन्यावर तो शब्द लिहिला की वाटायचं, आता ही येऊन भांडेल. वर्षभर वाट बघितली. तू खिडकीतूनच परत जायचीस.”

“म्हणजे मुद्दाम नापास करत होतास?”

“एकही नाही. तेव्हा एवढं प्रेम नव्हतं.”

शब्द तोंडून गेल्यावर त्याला कळलं तो काय बोलला. मी ब्रेक दाबला नाही. त्याच्या मांडीवर नऊ नमुने होते. तसंच सरळ चालवत राहिले, पण पुढचा चौक कुठल्या रंगाच्या दिव्यावर ओलांडला ते मला आजही सांगता येणार नाही.

आकडे आले. तीस, एकतीस, एकतीस, पुन्हा एकतीस. त्याने नऊ कागदांवर नऊ वेळा ‘न हललेला’ असं लिहिलं आणि खाली रेघ न ओढता पूर्ण नाव लिहिलं. साहेबांनी त्यावर सही करायला नकार दिला. तेव्हा त्याने ज्यांच्या सह्या पट्ट्यांवर होत्या त्या सगळ्यांना एकेक प्रत पोस्टाने पाठवून दिली, पत्ते होतेच. गल्लीतली माणसं त्या प्रती घेऊन तळं खोदणाऱ्या कचेरीत जाऊन बसली. पहिल्या दिवशी पाच जण होते, तिसऱ्या दिवशी साठ. यंत्रं आली ती मैदानाच्या बाहेरच उभी राहिली. दीड महिन्याने नकाशा बदलला आणि तळं झाडांच्या बाजूला सरकलं, एकही झाड न तोडता.

त्याची बदली मात्र प्रती पाठवल्यापासून चौथ्याच दिवशी झाली. सहा तासांवरची शाखा. तिथे मातीचं काम नाही. तळघरात सिमेंटचे ठोकळे दाबून फोडायचे आणि किती भार सोसला ते लिहायचं. त्याने नोकरी सोडावी अशीच ती बदली होती. मी म्हटलं, सोड. तो म्हणाला, “त्यांना तेच हवंय. नाही सोडणार. मी तळघरातही खरेच आकडे लिहीन, मग बघू किती खाली पाठवतात ते.”

आम्ही मागच्या दाराच्या पायरीवर बसलो होतो. आत ओव्हनजवळ त्याच्या जागी नवा माणूस उभा होता. त्याने बाटली उचलून बघितली आणि पुन्हा ठेवून दिली.

“मी तिकडे येते,” मी म्हटलं.

“तिकडे माती नाही.”

“माती सगळीकडे असते. वर रस्ता बांधला की लोकांना वाटतं नाही. आणि… मी मातीसाठी येत नाहीये.” इथपर्यंत मी धीटपणे आले होते, पुढचं मात्र पायरीकडे बघत म्हटलं. “लग्न करशील माझ्याशी? विचार करायला वेळ हवा असेल तर…”

“नको,” तो म्हणाला. “वेळ नको.”

आणि माझा हात हातात घेतला, नखांतल्या मातीसकट.

आत्याला सांगितलं तेव्हा तिने गळ्यातली टेप काढली, त्याला पाठमोरा उभा केला आणि खांद्यांचं माप घेतलं. मग वहीत आकडा लिहिता लिहिता म्हणाली की मैत्रिणीचा पुतण्या बँकेत होता, हा तळघरात निघाला आहे. आमच्या घुशीला बीळच आवडायचं, यात नवल ते काय. शेजारणींनी विचारलं, की एवढी घाई का, मुलाच्या नोकरीचं असं झालंय म्हणे. आत्याने त्यांना सांगितलं, “झालंय खरं. अभिमानाची गोष्ट आहे, सावकाश सांगेन. आधी कॉलर शिवू दे.”

सोमवारी आम्ही दोघांनी लग्नाच्या नोंदणी कचेरीत जाऊन सह्या केल्या आणि मंगळवारी सकाळी निघालो. माझीच गाडी, मागे त्याची पुस्तकं, माझे हातोडे, आत्याने दिलेल्या दोन गाद्या. त्याच्या अंगावर नवा शर्ट होता, खांद्यांत अगदी बरोबर बसलेला. त्याला गाडी चालवता येत नाही, तेव्हा मीच चालवत होते.

गावाबाहेरचा चढ लागला. मी गिअरवर हात ठेवला, आणि त्याने आपला हात माझ्या हातावर ठेवला. मग खिडकीबाहेर बघत राहिला. कान तेवढे लाल. चढ उभा होता, गाडी तिसऱ्यात होती, दुसरा टाकायला हवा होता. इंजिन गुरगुरलं, मग कण्हू लागलं. मागून एक ट्रक भोंगे देत होता.

मी गिअर बदलला नाही.